कमरेपर्यंतचा माणूस

कोळ्याला पाय किती असतात हे मला ठाऊक होतं, म्हणून माझं लग्न झालं. हसू नका. गोरेपण म्हणावं तर आमच्या घराण्यात कुणाच्याच वाट्याला आलं नाही. नाक बापाचं, म्हणजे माणसाच्या आधी दारातून आत येणारं. आणि उंची अशी की माय म्हणायची, "हिला उभी करूच नगा, बसवूनच दाखवा." अशा मुलीला तरून जायला कशाचा तरी आधार लागतोच. मी कोळ्याच्या आठ पायांवर तरून गेले.

आता पन्नाशीला टेकले आहे. दिरांच्या घरची लेकरं परीक्षेच्या आधी पुस्तक घेऊन माझ्याकडे येतात. "मोठ्ये आई, विचार ना." मी विचारते. रक्त शुद्ध कुठं होतं, बेडकाची शेपूट कुठं जाते, वटवाघूळ पक्षी का नाही. पुस्तकात बघायची गरज मला पडत नाही. लेकरांना वाटतं मोठी आई फार शिकलेली. मोठी आई चौथीपर्यंत शिकलेली. पुढचं सगळं तिनं संतापानं पाठ केलेलं आहे, आणि संतापानं केलेलं पाठांतर विसरत नाही हे एका तरी शास्त्रानं लिहून ठेवायला हवं होतं.

तेव्हा आमच्याकडं निजामाचं राज्य होतं. माझं माहेर सेनगावच्या अंगाचं, आणि ज्यांच्याशी लग्न ठरत होतं ते औंढ्याच्या अलीकडच्या एका गावात शाळेवर होते. सारा गाव त्यांना गुरुजी म्हणायचा, मीही तेच म्हणते. परभणीला शिकून आलेले. पोरांना उर्दूत शिकवायचे आणि मराठीत मारायचे. अंगानं धडधाकट, धोतर पांढरंशुभ्र, बोलणं गोड. एक खोट होती, पण ती त्यांच्यात नव्हती असं सगळे म्हणायचे. ती त्यांच्या पहिल्या बायकोत होती. लग्नाला बरीच वर्षं होऊन तिला मूल नव्हतं, आणि तिला माहेरी "जरा आरामाला" म्हणून पोचवून आले होते. त्या काळी बाईला आराम द्यायची हीच एक रीत होती.

बाकीचे लोक मुलगी बघायला आले की तिला चालून दाखवायला सांगायचे, सुई ओवायला लावायचे, फार तर आडनाव विचारायचे, जसं काही ते आम्ही बदलून सांगणार होतो. गुरुजी जीवशास्त्र विचारायचे. त्यांना शिकलेली बायको हवी होती. पहिली अडाणी निघाली, तिच्या डोक्यात काही शिरत नव्हतं म्हणून पोटातही काही राहिलं नाही, असा काहीसा त्यांचा हिशेब असावा.

आता ही अडाणी बाई कोण, तर माझ्या मायच्या माहेरगावची. कनेरगाव नाक्याजवळचं गाव. माय मला तिकडं घेऊन गेली ती मामाच्या घरी वास्तूचं जेवण होतं म्हणून, असं बापाला सांगून. खरं म्हणजे शिकवणीला. मामाच्या घरामागं एका ओट्यावर ती बाई सुपात उडीद निवडत बसलेली. तीस वर्षांच्या आतली, उन्हानं रापलेली, हातात एकेकच बांगडी. मी तिला अक्का म्हणाले ते त्या दिवसापासून.

"बस अशी पुढं," ती म्हणाली. "कोळ्याला पाय किती?"

"सहा?"

"सहा मुंगीला. कोळ्याला आठ. माणसाच्या अंगात हाडं?"

"लई."

"लई म्हनू नको, ते उठून जातेत. दोनशे सहा. गाईच्या वरच्या जबड्यात पुढं दात किती?"

हे मला येत होतं. शेतकऱ्याच्या पोरीला ते कोण शिकवणार! "एक बी न्हाई."

"हां. त्यांना ते परभनीला जाऊन कळलं," अक्का म्हणाली आणि एक खडा अंगणात भिरकावला.

तिला सगळं येत होतं. लग्न झाल्यापासून रोज संध्याकाळी गुरुजी तिला समोर बसवून विचारत आले होते. अडाणी म्हणून जिला परत पाठवलं, तिला पुस्तकाचं पुस्तक पाठ. मी न राहवून विचारलं, "अक्का, तुमी मला काहून शिकवून राहिल्या? मी पास झाले तर तुमच्याच घरात येऊन बसन ना."

तिनं सूप खाली ठेवलं. "तू पास झालीस तरच मी बी माझ्या घरात जाईन. सासूचा निरोप हाय. नवी यायला आडवी येऊ नको, तवा तुला बी नेतो. दोघींची गाडी एकच हाय, बाई. तू चढलीस तर मी चढन." मग पुन्हा सूप उचलून, जणू मधलं काही बोलणं झालंच नाही, "गांडुळात नर कोणता अन् मादी कोणती?"

मी पास झाले. काय ती माझी ऐट! गुरुजी विचारतात आणि मी मान खाली घालून ताडताड सांगते. वटवाघूळ पक्षी का नाही, तर पिलाला अंगावर पाजतं म्हणून, असं मी चारचौघांत म्हणाले तेव्हा आतून मायच्या बांगड्या जोरात वाजल्या. गांडुळाला दोन्ही एकाच अंगात, असं म्हणाले तेव्हा गुरुजींचे चुलते सुपारी कातरत होते, त्यांचं बोट कापता कापता राहिलं. माझा बाप मात्र मिशीला हात लावून चारीकडं बघत होता, जसा काही दोनशे सहा हाडांचा माणूस त्यानंच घडवला. सवतीवर देतोय हे त्याला सलत नव्हतं असं नाही, पण पोरगी पास झाली या आनंदात ते सलणं बुडून गेलं. आणि मी? मलाही आनंदच झाला. परीक्षेत पहिली आले होते ना. बक्षीस काय आहे ते कुणी बघायला सांगितलंच नव्हतं.

अक्का आणि मी एकाच पंधरवड्यात त्या घरात शिरलो. मी वाजतगाजत, ती मागच्या दारानं.

घरात गुरुजींच्या बैठकीत माणसाच्या देहाचा एक मोठा नकाशा टांगलेला होता. कापडावर चिकटवलेला, रंगीत, परभणीहून आणलेला. त्यात एक सोललेला पुरुष होता. कातडी नाही, निळ्या-लाल शिरा, काळीज, फुफ्फुसं, जठर, सगळं उघडं. चेहरा मात्र शांत, जसं काही त्याला कुणी सोललंच नाही. सासूबाई, म्हणजे आमच्या आत्याबाई, पहिल्यांदा त्याला भ्याल्या म्हणे. मग दसऱ्याला त्याच्याही कपाळाला कुंकू लावू लागल्या. घरातला माणूस उपाशी नको म्हणून एकदा त्याच्यापुढं पुरणपोळी ठेवली होती. ती मी खाल्ली.

तो माणूस कमरेपर्यंतच होता. तिथं नकाशा संपत होता आणि खाली लाकडाची पट्टी. बरीच वर्षं माझ्या ते ध्यानातही आलं नाही. जेवढं दाखवलं तेवढाच माणूस, असं मी धरून चालले होते. गुरुजींचं जीवशास्त्रही तिथंच संपायचं. घशापासून जठरापर्यंत ते घास घेऊन जायचे, आतड्यांतून वळसे घालायचे, आणि कमरेशी आले की घड्याळ बघायचे.

वर्षं जाऊ लागली आणि मीही अडाणी ठरू लागले.

मग सुरू झाले उपाय. सोमवार धरा. नागनाथाला अनवाणी जा. अमक्या बाबाचा अंगारा, तमक्या वैदूचा काढा. तो काढा अजून माझ्या जिभेवर आहे. साल, मुळ्या आणि आणखी काय काय, अर्धा दिवस उकळायचं. वैदूच्या घरी दूध नासलं तर त्यानं बहुतेक तेही त्यात घातलं असावं. चूल अक्कानं फुंकायची, काढा मी गाळायचा, आणि दोघींनी पाठीला पाठ लावून प्यायचा, कारण समोरासमोर बसलं की ओकारी यायची. आणि गुरुजी? गुरुजी कडेला उभे राहून विचारायचे, "कडू चव जिभेच्या कोणत्या भागाला कळते?"

"मागच्या," अक्का म्हणायची.

"शाबास."

एकदाही, एकदाही त्यांच्या हातात ती वाटी कुणी दिली नाही. ना आत्याबाईंनी, ना वैदूनं, ना आम्ही. तसा विचार मनात आला असेल का? आला असता तर आम्हीच तो नजर लागेल म्हणून झटकला असता. तीस वर्षं होत आली, अजून ती वाटी आठवली की माझे दात शिवशिवतात. दोन बायका विष पितात आणि तिसरा माणूस त्यांच्या जिभेची परीक्षा घेतो! आणि आम्ही बरोबर उत्तर देतो!

अशात एका वर्षी गावच्या गाई गाभण राहिनात. एकदोन घरच्या नव्हे, सगळ्या कळपाच्या. लोक हवालदिल झाले. कुणी म्हणालं, गायरानात काही विषारी उगवलंय. कुणी म्हणालं, करणी. एकानं तर दोन गाई बाजाराला काढल्या. शेवटी चावडीपुढं बैठक बसली आणि शहाणा माणूस म्हणून गुरुजींना बोलावलं. आम्ही दोघी आडावरून पाणी घेऊन येत होतो. बाया थांबल्या तशा आम्हीही थांबलो. गुरुजी उभे राहून बोलत होते, आणि बोलायला लागले की ते फार छान बोलायचे, हे मी आजही नाकारत नाही.

"अरे बाबांनो, जरा डोकं चालवा. वेगवेगळ्या घरच्या गाई, वेगवेगळ्या वयाच्या, कुणाला कडबा जास्त, कुणाला कमी. सगळ्याच एकदम वांझ कशा होतील? या सगळ्यांत सारखं काय आहे? वळू. एकच वळू. गाई बदलून बदलून काय होणार? दोष वळूत आहे. वळू बदला."

लोकांनी माना डोलावल्या. "बराबर हाय गुरुजी, बराबर!" चुलते तर म्हणाले, "आमच्या घरात शास्त्र हाय म्हनून गाव वाचलं."

माझ्या डोक्यावर दोन घागरी होत्या. त्या पडल्या नाहीत याचं मला नवल वाटतं. मी अक्काकडं बघितलं. ती माझ्याकडं बघत नव्हती. वेगवेगळ्या घरच्या आम्ही दोघी, वेगवेगळ्या वयाच्या. तिनं नुसती घागर सावरली आणि चालू लागली. दुपारी तिनं गोवऱ्या थापायला घेतल्या आणि शेणाचे गोळे भिंतीवर असे मारले की शेजारीण डोकावून म्हणाली, "काहून वं, भांडण कोणाशी हाय?"

"भिंतीशी," अक्का म्हणाली.

मी तिच्यापेक्षा लहान आणि जिभेनं सैल. मला राहवलं नाही. दिवेलागणीला गुरुजी नकाशापुढं बसले होते, तिथं गेले. "मला एक कळंना."

"विचार." विचारलं की त्यांचा चेहराच उजळायचा.

मी नकाशाच्या खालच्या पट्टीवर बोट ठेवलं. "ह्याच्या खाली काय असतं?"

त्यांनी माझ्या बोटाकडं बघितलं. मग म्हणाले, "ते आपल्या इयत्तेला नाही."

आणि उठून हात धुवायला गेले. मी तिथंच उभी. त्या सोललेल्या माणसाच्या शांत तोंडावर एक चापट मारावी असं वाटत होतं. मारली नाही. कापड जुनं होतं, फाटलं असतं.

वळू बदलला. गावानं वर्गणी काढून दुसरा आणला, खांद्याला भक्कम. वर्ष सरता सरता घरोघरी वासरं हंबरू लागली. चीक एवढा झाला की लोक एकमेकांच्या घरी पोचवून दमले. गुरुजींचा भाव चढला. आणि त्याच दिवसांत आत्याबाईंनी तिसरी मुलगी बघायचं काढलं.

तो मोगलाईच्या शेवटचा काळ. रझाकारांच्या भीतीनं वयात आलेल्या पोरींच्या बापांना झोप नव्हती. मिळेल त्या घरी, मिळेल त्याच्या गळ्यात पोरगी बांधून मोकळं व्हायची घाई. गोरेगावच्या अशाच एका शेतकऱ्याची मुलगी सुचवली गेली. आत्याबाईंनी आम्हा दोघींना चुलीपुढंच सांगून टाकलं, "दोन बायांपुरती भाकर हाय ह्या घरात. तिसरी आली की एकीनं माहेरी जायाचं. धाकलीला वाचता-लिव्हता येतं, ती ऱ्हाईल."

म्हणजे अक्का. तिचे आईबाप तोवर वारले होते आणि भावानं रक्षाबंधनालाही दार उघडणं सोडलं होतं. तिनं भाकरी उलटली, आणि ती आधीच भाजलेली होती ती पुन्हा भाजली.

पण गोरेगावचा बाप सरळ माणूस निघाला, किंवा भित्रा. त्यानं एक अट घातली. आमच्याकडं रीत होती, बायकोवर बायको करायची तर पहिलीची राजीखुशी पाहिजे, नाहीतर तिचा तळतळाट नवीला लागतो. तो म्हणाला, दोघी आहेत तर दोघींनी यावं, चार माणसांत राजीखुशी सांगावी आणि पोरीची ओटी भरावी, मगच बोलणं. झालं. गुरुजी, चुलते, आत्याबाई आणि ओटीचं सामान घेऊन आम्ही दोघी, अशी गाडी निघाली. वाटेत आत्याबाईंनी बजावलं, "तिथं तोंडाला कुलूप. आमची राजीखुशी हाय, एवढंच बोलायचं. व्हय ना?"

"व्हय," आम्ही म्हणालो. गुरुजी पुढं बसून बैलाच्या पोटाला चार कप्पे कसे असतात ते गाडीवानाला समजावत होते.

पुरुष ओसरीत बसले. आत्याबाई उंबऱ्याजवळ मानाच्या पाटावर. आम्हाला आत स्वयंपाकघरात नेलं. मुलगी चुलीजवळ बसली होती, डोक्याला तेल चोपडून चप्प केलेली, डोळे मात्र चपळ. तिच्या आईनं चहाचं आधण ठेवता ठेवता कुजबुजत विचारलं, "काय इचारतेत वं बाई? लेकरू भेऊन राहिलं."

अक्का आणि मी, दोघींच्या तोंडून एकदमच निघालं, "कोळ्याला पाय किती."

"आठ," पोरगी म्हणाली. "ते मला बी ठावं हाय. मोजलेत म्या."

"हाडं?"

ते तिला येत नव्हतं. आम्ही सांगितलं. गाईचे दात, वटवाघूळ, बेडूक, गांडूळ. एक मी विचारायची, एक अक्का. पोरगी भराभर उचलत होती. मी मनात म्हटलं, ही माझ्यापेक्षा चांगल्या मार्कांनी पास होणार. आणि मला सुपातला उडीद आठवला. मी इथं बसून अक्काचंच काम करत होते, आणि अक्का स्वतःला घराबाहेर काढायची शिकवणी देत होती.

पोरीनं मध्येच मान वर केली. "तुमा दोघीला समदं येतं. मग तिसरी काहून पायजे त्यांला?"

आधण उकळत होतं. कुणी उठलं नाही.

"लेकरू न्हाई," मी म्हणाले.

"कोनाला?"

"आमाला."

"दोघीला बी?" तिनं बोटानं एकदा अक्काला मोजलं, एकदा मला. मग म्हणाली, "अन् त्यांला हाय?"

सांगते तुम्हाला, इतक्या वर्षांत हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. ना सोमवारच्या देवानं, ना काढ्याच्या वैदूनं. अक्का पुढं सरकली. तिचा आवाज मी तसा कधी ऐकला नव्हता. "पोरी, खरं सांग. तुला पास व्हायचंय?"

"न्हाई."

"मग त्यांचं समदं बराबर सांग. अन् सरतेशेवटी एक तू इचार." आणि काय विचारायचं ते तिनं तिला सांगितलं. साधं, गाईंचं. आमचं नाव नाही, त्यांचं नाव नाही.

मुलीची आई चुलीवर वाकली होती. ती पदरानं डोळे पुसत म्हणाली, "मी काही ऐकलं न्हाई बाई. माझ्या डोळ्यात धूर गेलाय."

दाराआडून आम्ही बघत होतो. पोरगी पाटावर बसली. गुरुजींनी विचारलं, तिनं सांगितलं. हाडं दोनशे सहा. कोळी आठ. गांडुळाला चुलते आता तयार होते, त्यांनी अडकित्ता आधीच बाजूला ठेवला. गुरुजी खुलत गेले. इतके खूश मी त्यांना माझ्या वेळी पाहिले नव्हते, आणि खोटं कशाला सांगू, तेवढ्यातही मला मेलीला ते लागलं.

"गुरुजी," पोरगी म्हणाली, "मला एक येत न्हाई. इचारू?"

"विचार, विचार! विचारणारालाच विद्या येते."

"गावच्या साऱ्या गाई गाभण राहिनात, तर दोष गाईंचा म्हनायचा का वळूचा?"

गुरुजी पुढं सरकून बसले. शिकवायचं म्हटलं की त्या माणसाला आजूबाजूचं काही दिसत नसे. "वा! फार चांगला प्रश्न. हे बघ, एखादी गाय असेल तर दोष तिच्यात असू शकतो. पण गाई अनेक, वेगवेगळ्या घरच्या, आणि एकीलाही गर्भ राहत नाही, तर त्या सगळ्यांत सारखं काय ते बघायचं. वळू. तेव्हा दोष..."

"वळूचा!" चुलत्यांनी मांडीवर थाप मारली. त्यांना वाटलं पुतण्याची शिफारस करायची हीच वेळ. "अहो पाव्हणं, आमच्या गावात हेच झालं. लोक गाई इकायला निघाले व्हते. ह्यानं सांगितलं, वळू बदला. बदलला. आता येऊन बघा, घरोघरी वासरं!"

मुलीचा बाप शेतकरी माणूस. तो सावकाश म्हणाला, "म्हंजे गाई कितीबी बदलल्या तरी उपेग न्हाई."

"बिलकुल नाही," गुरुजी म्हणाले.

आणि मग ते थांबले. ते कळणं त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू चढत गेलं. मी बघत होते आणि मला वाटलं होतं तशी दया आली नाही. जराही नाही. चुलत्यांचा हात मांडीवरच राहिला. बापानं मान वळवून दाराकडं बघितलं, तिथं आम्ही दोघी ओटीचं ताट धरून उभ्या. त्यानं रीतीप्रमाणं विचारलं, पण आवाज बदललेला होता. "बाई, तुमा दोघींची राजीखुशी हाय ना?"

आत्याबाईंनी डोळे वटारले. अक्का म्हणाली, "हाय की. राजीखुशी गाईला कोण इचारतं, तुमी इचारली हेच लई झालं."

बाप उठला. हात जोडून म्हणाला, "कळवतो."

आजवर 'कळवतो' हे मुलाकडचे म्हणत आले. त्या दिवशी मुलीकडच्यानं म्हटलं, आणि कधी कळवलं नाही. पुढच्याच महिन्यात त्यानं त्या पोरीचं लग्न दुसऱ्या ठिकाणी लावून दिलं.

परतीच्या वाटेवर आत्याबाई आम्हा दोघींना जे बोलल्या ते लिहिण्यासारखं नाही. कैदाशिणी हा त्यातला सगळ्यात सौम्य शब्द. गुरुजी गाडीत बसलेच नाहीत, पुढं चालत राहिले. चुलते अधूनमधून म्हणत होते, "पन म्या वाईट काय बोललो? खरंच ना वासरं झाली?"

तुम्हाला वाटेल, यानंतर सगळं बदललं. कशाचं! गावानं आम्हाला वांझ म्हणणं सोडलं नाही. सकाळी तोंड दिसलं की बाया पदर आडवा घ्यायच्या, आमच्या हातून बाळाला कधी तीट लावून घेतली नाही. वळूला निदान लोकांनी तोंडावर नावं ठेवली होती. गुरुजी गेले तेव्हा शाळेनं त्यांचा फोटो लावला. लावू दे. चांगले शिकवायचे. पण कुठल्याही सवाष्णीनं त्यांना बघून पदर आडवा घेतला नाही, याचा राग मी अजून सांभाळून ठेवला आहे, कुणाला हवा असेल तर देईन.

एवढं मात्र झालं की तिसरी आली नाही, आणि अक्का कुठं गेली नाही. त्या घरातली भाकर दोन बायांपुरतीच राहिली.

त्या दिवशी आम्ही घरी पोचलो तर उन्हं उतरत होती. शेजारची गाय व्याली होती, तिनं तांब्याभर चीक आणून ठेवला होता. अक्कानं पातळ बदललं नाही, पाय धुतले आणि थेट चूल पेटवली. गूळ घातला, वेलदोडा घातला, खरवस केला. गुरुजी बैठकीत नकाशाकडं पाठ करून बसले होते. अक्का कधी त्यांच्यापुढं ताट घेऊन जात नसे, ते काम माझं. त्या दिवशी तीच गेली. मी दारात उभी.

त्यांनी ताट सरकवलं. "नको."

"खा," अक्का म्हणाली. "तुमच्याच अकलेचं हाय."

ती तिथंच उभी राहिली. हलली नाही. शेवटी त्यांनी एक वडी उचलली, मग दुसरी. खाली मान घालून, सगळं ताट संपेपर्यंत. आणि त्या दिवशी पहिल्यांदा त्यांनी विचारलं नाही, की गोड चव जिभेच्या कोणत्या भागाला कळते.